कौतुक पुरे, तारखा द्या

प्रश्न: आमच्या पिट्सबर्गमध्ये मूळचे मिरजेचे एक तबलावादक गेली तीन वर्षं राहतात. वय चौतीस. इथल्या एका संगीतशाळेने त्यांना पारंपरिक कलाकारांसाठीच्या पी-3 व्हिसावर बोलावलं, आणि दर वर्षी मुदत वाढवून घेतली. शनिवारी त्यांच्याकडे बावीस मुलं शिकतात, त्यात माझा मुलगाही आहे. गावात कुणीही गायक आला तरी साथीला तेच बसतात. आता शाळा तबल्याचा वर्ग 18 डिसेंबरला बंद करते आहे आणि नवा अर्ज करणार नाही. त्यांच्या आय-94 वर, म्हणजे इथे राहण्याची मुदत सांगणाऱ्या नोंदीवर, 31 जानेवारी ही तारीख आहे. आम्ही सह्यांची मोहीम काढली, 1,140 सह्या झाल्या. मंडळातल्या सर्वांनी मिळून त्यांच्या स्वभावाबद्दल आणि कलेबद्दल सुंदर पत्रं लिहिली आहेत. खजिनदार म्हणतात, आता प्रत्येक व्हिसाला एक लाख डॉलर लागतात. काही पालक त्यांना घरी बोलावून वेगळी फी देतात, तेवढाच त्यांना आधार. शिवाय 5 डिसेंबरला बहिणीचं लग्न आहे, त्यासाठी ते मिरजेला जायचं म्हणतात. ते इथेच राहावेत म्हणून आम्ही आणखी काय करू शकतो?
— एक वाचक, पिट्सबर्ग

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा गहिवरून आलं, दुसऱ्यांदा घाबरले. मी वकील नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये सव्वीस वर्षं मैफली भरवते आहे आणि त्यापायी हे कागद बरेच हाताळलेत. त्या अनुभवावर सांगते, वकिलाच्या सल्ल्याऐवजी नव्हे.

आधी एक विचारते. तुमच्या दीड पानाच्या पत्रात त्यांना स्वतःला काय हवंय, ते कुठेच नाही. त्यांना बसवून विचारा. 2011 साली आमच्या हार्मोनियमवाल्यासाठी आम्ही जिवाचं रान केलं आणि शेवटी कळलं की त्याला टोरांटोला जायचं होतं, फक्त आमचा उत्साह बघून तो बोलला नव्हता. त्यांचं उत्तर ‘हो’ असेल तरच पुढचं वाचा.

घरी दिली जाणारी वेगळी फी आजच थांबवा. पी-3 व्हिसावर माणूस ज्या संस्थेने अर्ज केला तिच्यासाठी, अर्जात लिहिलेलंच काम करू शकतो. तुम्ही प्रेमाने लिफाफा देता, पण सरकारच्या लेखी ते परवानगीविना काम. आणि वकिलाकडे गेलात की हे पहिल्याच भेटीत सांगा. लपवलेली गोष्ट नंतर निघाली तर वकीलही हात टेकतो.

आता तारखा. तुम्ही 31 जानेवारीवर विसंबून आहात, मी असते तर 18 डिसेंबरवर नजर ठेवली असती. एच-1बी किंवा ओ-1 (असामान्य कौशल्याच्या कलाकारांसारख्यांचा व्हिसा) वाल्यांची नोकरी गेली तर त्यांना साठ दिवसांपर्यंत सवलत मिळते. पी वर्गाचं नाव त्या यादीत नाही. म्हणजे वर्ग संपला की आय-94 वर जानेवारी असली तरी पायाखालची फळी निसटते. नव्या संस्थेचा अर्ज त्याआधी पोचलाच पाहिजे, आणि शक्यतो मंजूरही व्हायला हवा, कारण ओ आणि पी व्हिसात एच-1बीसारखं ‘अर्ज टाकला, आता नव्या ठिकाणी काम सुरू’ असं चालत नाही. मंजुरीचा कागद हातात येईपर्यंत थांबायचं. म्हणून तुमच्या दिवाळी पहाटेत त्यांना बसवायचं असेल तर ते सध्याच्या शाळेमार्फत, शाळेच्या अर्जाखाली होतं का, ते वकिलाला विचारा. ‘मानधन नाही, नुसता नारळ आणि शाल’ ही पळवाट मानू नका.

अर्ज कोण करणार? हा खरा प्रश्न, आणि उत्तर तुमच्या आरशात आहे. नवा अर्ज ओ-1 चा करावा असं मी धरून चालते, आणि त्यासाठी कलाकाराला स्वतःचा अर्ज स्वतः करता येत नाही. अमेरिकेतला मालक किंवा एजंट लागतो. तुमचं मंडळ नोंदलेलं आहे, बँकेत खातं आहे, हिशेब तपासलेला आहे. मंडळच अर्जदार होऊ शकतं. नुसतं मंडळाच्या कामावर तीन वर्षं दाखवता येणार नाहीत, म्हणून मंडळाने एजंट व्हावं आणि क्लीव्हलंड, कोलंबस, वॉशिंग्टन इथल्या संस्थांची कामंही त्यात बांधावीत. त्या संस्थांकडून मंडळाला तसं अधिकारपत्र मात्र हवं. ओ-1 पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत मिळू शकतो, पण तीन वर्षं मागायची तर तीन वर्षांचं काम कागदावर दिसलं पाहिजे: कुठे, केव्हा, किती पैशांत. शनिवारचे वर्गही त्यात येतात, शैक्षणिक वर्ष हे नियमांत ‘कार्यक्रमा’तच मोजतात.

इथे एक धोका. आय-129 या अर्जाच्या फॉर्मवर तुमच्या अध्यक्षांची सही शपथेवर असते. उत्साहात ‘2027 चा गुढीपाडवा, ह्यूस्टन’ असं काहीतरी रंगवून लिहू नका. ह्यूस्टनच्या मंडळाचं पत्र असेल तर लिहा, नसेल तर नाही. आणि खजिनदारांना सांगून ठेवा, मुदतीआधी मंडळानेच काम काढून घेतलं तर कलाकाराच्या परतीच्या प्रवासाचा खर्च अर्जदाराच्या गळ्यात पडतो.

खजिनदारांची एक लाख डॉलरची धास्ती बिनबुडाची आहे. सप्टेंबर 2025 चा तो हुकूम एच-1बीचा आहे, ओ किंवा पीचा नाही. ओ अर्जाचं सरकारी शुल्क 2024 च्या एप्रिलपासून 1,055 डॉलर, आणि ना-नफा संस्थांना 530. भरण्याआधी ताजा आकडा बघा. पंधरा कामकाजी दिवसांत उत्तर हवं असेल तर त्वरित सेवेचे तीन हजारांच्या घरात जातात. तुमच्या तारखा बघता ते द्यावेच लागतील. वकिलाची फी वेगळी. गणपतीच्या स्मरणिकेची वर्गणी यंदा जरा इकडे वळवा.

आता पत्रं. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात ‘अत्यंत गुणी’ तीनदा आहे, ‘विनम्र’ दोनदा, ‘आमच्या कुटुंबातलाच एक’ एकदा. सगळं खरं असेल. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. त्याच्यासमोर सहा निकष असतात आणि त्यातले किमान तीन सिद्ध व्हावे लागतात: नावाजलेल्या कार्यक्रमांत किंवा संस्थांत महत्त्वाची भूमिका, वृत्तपत्रांतली समीक्षा, जाणकारांनी घेतलेली दखल, मिळालेलं यश, इतरांपेक्षा जास्त मानधन, अशा जातीचे.

आणि इथेच साथीदाराची गोची होते. निकषात शब्द आहे ‘प्रमुख किंवा निर्णायक भूमिका’. आपल्या पत्रिकेत गायकाचं नाव ठळक, खाली बारीक अक्षरात ‘तबला साथ’. अधिकाऱ्याला वाटतं, हा मागे बसणारा. आमचा पहिला अर्ज याच मुद्द्यावर अडकला आणि जादा पुरावे मागणारी आरएफई आली. तेव्हा एका गायिकेने पत्रात लिहून दिलं की विलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन मिनिटभर चालतं, त्या मिनिटात गायिकेला समेची जागा तबलाच सांगतो, आणि तो ठेका डळमळला तर बडा ख्याल उभाच राहत नाही. पुढे तिने लिहिलं की अमुक तारखेला, अमुक शहरात नेमलेला साथीदार आजारी पडला, आमचा माणूस चार तास गाडी चालवून आला आणि मैफल झाली. बस. त्यात ‘विनम्र’ कुठेही नव्हतं. ते पत्र दीड पानाचं होतं आणि त्याने काम केलं.

तशी पाच-सहा पत्रं मिळवा, शंभर नकोत. लिहिणारा स्वतः कोण, हे पहिल्या परिच्छेदात यावं. त्याने कलाकाराला कुठे, केव्हा ऐकलं ते यावं. पालकांची पत्रं ठेवा, पण या कलाकाराच्या लग्नाच्या पंचविशीत वाचायला. माझ्या पत्रातही तीच चूक होती, म्हणून एवढं तिखट बोलते.

मिरजेहून काय मागवायचं तेही सांगते. आकाशवाणीची श्रेणी असेल तर तिचं पत्र. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात कुणाच्या साथीला बसले असतील तर ती पत्रिका, आणि सोबत एक ओळ की हा महोत्सव 1953 पासून भरतो. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेत वाजवलं असेल तर तेही, पण समजावून. नुसतं ‘उरूस’ लिहिलंत तर अधिकारी जत्रेतली करमणूक समजेल. विशारद, अलंकार या परीक्षा झाल्या. त्या शिक्षणाच्या खात्यात जातात, सन्मानाच्या नाही. मराठी कात्रणांचं पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, आणि भाषांतर करणाऱ्याने ‘मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे’ असं सही करून द्यावं लागतं. हे काम मंडळातल्या निवृत्त शिक्षिकांना द्या. आमच्याकडे एकीने दोन रविवारांत चौदा कात्रणं हातावेगळी केली.

याखेरीज संगीतकारांच्या संघटनेचं सल्लापत्र लागतं. वाद्य वाजवणाऱ्यांसाठी बहुतेक अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्सकडे जातात. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून त्याची मागणी सगळ्यात आधी टाका. कागद नीट जुळत नाहीत असं वकिलाला वाटलं तर पी-3 चाच नवा अर्ज मंडळाच्या नावाने करता येतो. त्यात पारंपरिक कला शिकवणंही बसतं, पण मुदत एकेका वर्षाची.

1,140 सह्यांचं काय? ठेवा, पण त्यावर भिस्त नको. 1972 साली बीटल्सच्या जॉन लेननला न्यू यॉर्कमधून घालवायचा सरकारने चंग बांधला, तेव्हा महापौर जॉन लिंडसे यांनी त्याच्या बाजूने लिहिलं, नामवंत कलाकारांनी पत्रं दिली. तरी 1973 मध्ये देश सोडण्याचा हुकूम निघालाच. तो फिरला 1975 च्या ऑक्टोबरात, अपील न्यायालयात, आणि तो कायद्याच्या एका बारीक मुद्द्यावर: 1968 च्या ज्या इंग्लंडमधल्या अंमली पदार्थाच्या शिक्षेचं निमित्त होतं, त्या कायद्यात आपल्याजवळ तो पदार्थ आहे हे आरोपीला माहीत होतं की नाही हे बघितलंच जात नव्हतं. ग्रीन कार्ड मिळालं 1976 च्या जुलैत. लेननला चार वर्षं लढायला वकील होता. तुमच्याकडे डिसेंबरपर्यंतचे दिवस आहेत. सह्या करणाऱ्यांपैकी दहा जणांना भाषांतराला बसवा. अर्ज दाखल झाल्यावर तो कुठे अडकला तर तुमच्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयाला चौकशी करायला सांगता येतं. निकाल ते बदलत नाहीत, पण फाइल कुठे आहे ते विचारतात.

राहिलं बहिणीचं लग्न. इथे राहूनच पी-3 चा दर्जा बदलून ओ-1 करायची मागणी केलेली असताना, निर्णय होण्याआधी त्यांनी देश सोडला तर ती मागणी बाद धरतात. अर्ज मंजूर होऊ शकतो, पण मग मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत देऊन व्हिसाचा शिक्का घेऊनच परतावं लागेल, आणि ती तारीख कधी मिळेल हे आपल्या हातात नाही. म्हणून वकिलाला आधी लग्नाची तारीख सांगा. तो कदाचित म्हणेल, अर्ज ऑक्टोबरअखेर टाकू, त्वरित सेवेने निकाल घेऊ आणि मग जाऊ दे. किंवा म्हणेल, वकिलातीतूनच करू, लग्न होऊ दे, शिक्का घेऊन जानेवारीत या, तोवर शनिवारचा वर्ग बंद. बावीस मुलांना महिनाभर घरी ठेका धरायला सांगा. सख्ख्या बहिणीचं लग्न चुकवून त्यांनी पिट्सबर्गला राहावं, असं मात्र त्यांना सुचवू नका. तिकीट परत करता येणारंच काढा.