सगळे पीस मापात, तरी एकालाच हातोडा का लागला?

प्रश्न: ड्रॉइंगवर पुलीच्या बोअरला (मधल्या होलाला) २५ एच७ आणि शाफ्टला के६ दिलंय. सगळे पीस चेक केले, सगळे मापात बसतात. तरी एक शाफ्ट हाताने आत गेला आणि दुसऱ्याला हातोडा घ्यावा लागला. चुकलं कुठे?

उत्तर: कुठेच नाही हो, दोन्हीला परवानगी तुमच्या ड्रॉइंगनेच दिलीये. एच७, के६ हे टॉलरन्सचे, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल त्याचे कोड. टेबल बघा, २५ मिमीला एच७ म्हणजे होल २५.००० ते २५.०२१ आणि के६ म्हणजे शाफ्ट २५.००२ ते २५.०१५. आता सगळ्यात मोठ्या होलात सगळ्यात बारीक शाफ्ट गेला तर १९ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) ढिला, आणि सगळ्यात लहान होलाला सगळ्यात जाड शाफ्ट भेटला तर १५ मायक्रॉन घट्ट, म्हणजे कुठला पीस कुणाच्या वाट्याला येतो त्यावर सगळं. यालाच ट्रान्झिशन फिट म्हणतात. पुली सेंटरला बसावी, फिरवायचं काम ‘की’ने (शाफ्ट आणि पुलीच्या खाचेत बसणाऱ्या पट्टीने) करावं आणि पुढे कधी काढताही यावी, एवढंच हवं असेल तर के६ बरोबर आहे, बदलू नका.

शाफ्ट होलात मोकळा फिरायला हवा असेल तर जी६ घ्या, त्यात ७ ते ४१ मायक्रॉन गॅप राहतो. दाबून बसवायचा तर पी६, पण तिथे एक गंमत आहे, कमीत कमी घट्टपणा फक्त १ मायक्रॉन येतो, त्यामुळे ‘की’ न लावता टॉर्क (फिरवण्याचा जोर) न्यायचा असेल तर माझा तरी पी६ वर भरवसा नाही, एस६ कडे जा आणि हिशोब करून बघा.

आणि हो, याच के६ वर बेअरिंग चढवलं तर गोष्ट वेगळी. बेअरिंगचा बोअर मायनसमध्ये असतो, नॉर्मल क्लासला (साध्या अचूकतेच्या बेअरिंगला) २५ वर ० ते उणे १० मायक्रॉन, म्हणजे तिथे २ ते २५ मायक्रॉन घट्टच येणार. बेअरिंग जात नाही म्हणून शाफ्टला पॉलिश पेपर मारणारे भेटतात, कृपया नका करू, बेअरिंग गरम करून चढवा.

माप घेताना शाफ्ट थंड होऊ द्या. टॉलरन्स २० डिग्रीला धरलेले असतात, आणि स्टीलचा २५ चा शाफ्ट ३० डिग्रीने तापला की साधारण ९ मायक्रॉन फुगतो, आणि के६ ची पूर्ण रेंजच १३ ची आहे, त्यामुळे गरम असताना अगदी बरोबर आलेला पीस थंड झाल्यावर मापाखाली गेलेला असू शकतो.