बनाव, हूल, अफवा : निवडणुकीतल्या खोट्याला काय म्हणावे?

प्रश्न : शाळेच्या निवडणूक साक्षरता मंडळासाठी एक शिक्षिका माहितीपत्रक तयार करत आहेत. त्या विचारतात, "अफवा, अपमाहिती, अपप्रचार, फेक न्यूज हे शब्द वर्तमानपत्रांत एकमेकांच्या जागी येतात. मुद्दाम पसरवलेल्या खोट्या माहितीला नेमके काय म्हणू? 'व्हेरिफाय करा' हे मराठीत कसे लिहू? आणि डीपफेकला, म्हणजे संगणकाने घडवलेल्या हुबेहूब नकली आवाजाला किंवा चित्रफितीला, आपला शब्द आहे का?"

बाई, मुद्दाम रचलेल्या खोट्याला माझ्या मते 'बनाव' म्हणावे. 'अपमाहिती' हा घडवलेला शब्द आहे आणि त्यात हेतू ऐकू येत नाही. अपघात, अपशकुन, अपयश यांतला 'अप' वाईट झाले एवढेच सांगतो, कोणी केले ते सांगत नाही. 'बनाव रचला' म्हटले की रचणारा वाक्यात आलाच. चोरीचा बनाव, अपहरणाचा बनाव हे पोलिसांच्या बातम्यांतून सगळ्यांच्या ओळखीचे आहे, त्यामुळे आठवीतल्या मुलांनाही अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

'अपप्रचार' मात्र जपून वापरा. शब्द चांगला आहे, संघटितपणे आणि पुन्हापुन्हा केलेले खोटे त्यातून नेमके कळते. पण प्रत्येक पक्ष स्वतःवरच्या टीकेलाही अपप्रचारच म्हणतो, आणि मुलांना टीका व खोटे यांतला फरक कळायलाच हवा.

अफवेची गोष्ट वेगळी. मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'तोंडे' असा, अनेकवचनी. अफवा उठते, पसरते. कर्ता नसला तरी वाक्य पुरे होते. म्हणून ती कमी घातक असते असे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले, आणि त्याआधी मोबाइलवरून फिरत होती ती अफवाच. परंतु निवडणुकीतल्या सगळ्याच खोट्याला अफवा म्हटले की रचणारा सुटतो. त्यासाठी आपल्याकडे कर्ता मागणारी क्रियापदे आहेत : आवई उठवणे, कंडी पिकवणे, भूलथापा देणे, हूल देणे. पत्रकात ती वापरा, म्हणजे 'कोणी?' हा प्रश्न मुलांच्या मनात आपोआप येईल.

यातला 'हूल' हा शब्द तर निवडणुकीसाठीच घडवल्यासारखा आहे. हूल देणे म्हणजे समोरच्याने चुकीच्या बाजूला धावावे म्हणून खोटी चाल दाखवणे. मतदानाच्या आदल्या रात्री 'अमक्याने माघार घेतली, तमक्याला पाठिंबा दिला' असा संदेश फिरतो, तो बनाव असतोच, पण कामाने पाहिले तर हूल असते. मत बदलण्याइतका वेळ असतो, खरे शोधण्याइतका नसतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(४) मध्ये उमेदवाराच्या चारित्र्याबरोबरच त्याच्या उमेदवारीविषयी आणि माघारीविषयी केलेल्या खोट्या विधानाचाही उल्लेख आहे, तो यासाठीच.

या कलमाची शब्दरचना मुलांना जरूर दाखवा. उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने आणखी कोणी खोटे विधान प्रसिद्ध केले, तर दोन शक्यता सांगितल्या आहेत : ते खोटे आहे असे त्याला वाटत होते, किंवा ते खरे आहे असे त्याला वाटत नव्हते. दुसरी शक्यता फार मोलाची. 'खोटे आहे हे मला ठाऊक नव्हते' एवढे म्हणून भागत नाही. खरे वाटत होते का, हेही विचारले जाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ मध्ये, उमेदवाराच्या चारित्र्यापुरते आणि निकालावर परिणाम करण्याचा हेतू असल्यास, हेच शब्द कोणालाही लागू होतात. 'आले तसे पुढे पाठवले' असे लिहून संदेश ढकलणारे आपल्या घराघरांत आहेत. ते बनाव रचणारे नव्हेत, त्यांना त्या पंक्तीत बसवू नका. पण खरे वाटत नसताना पाठवणे ही गोष्ट कायद्यालाही वेगळी नोंदवावीशी वाटली, हे त्यांना कळले पाहिजे.

रचणारा नसलेलेही चुकीचे असते. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झाले, त्यानंतर 'झालेल्या मतदानापेक्षा सुमारे ५ लाख मते जास्त मोजली गेली' असा दावा फिरला. आकडे हवेतले नव्हते. मतदानाचा आकडा फक्त यंत्रांवरचा होता, मोजणीच्या आकड्यात टपाली मतेही होती, आणि वैध टपाली मतेच ५ लाख ३८ हजारांवर होती. त्या निवडणुकीबद्दलचे बाकीचे वाद वेगळे, या तफावतीचे कारण एवढेच. इथे 'बनाव' म्हणणे अन्यायाचे होईल. 'दिशाभूल' चालेल, पण क्रियापद पाहून : दिशाभूल झाली आणि दिशाभूल केली यांत सगळा फरक आहे. खुलासा वाचूनही कोणी तोच दावा फिरवत राहिला, तर 'केली' म्हणायला हरकत नाही.

आता 'व्हेरिफाय'. 'खातरजमा करा' असे सर्रास लिहितात. खातर म्हणजे मन. खातरजमा म्हणजे मनाची निश्चिंती. नेमकी अडचण तिथेच आहे. आपल्या पक्षाच्या सोयीची बातमी आली की मन लगेच निश्चिंत होते. त्यापेक्षा 'शहानिशा करा' लिहा, कारण शहानिशा दुसऱ्याकडे विचारपूस केल्याशिवाय होत नाही. 'पडताळून पाहा' हेही उत्तम, त्यात दोन गोष्टी शेजारी ठेवून ताडणे आहे. कोणाकडे शहानिशा करायची तेही लिहा : उमेदवारीबद्दल निवडणूक निर्णय अधिकारी, मतदार यादीतल्या नावाबद्दल बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, केंद्रावर किती मते पडली याबद्दल नमुना १७-सी, ज्याची प्रत मतदान संपल्यावर उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींना मिळते. निवडणूक आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये संकेतस्थळावर खोटे दावे आणि वस्तुस्थिती यांची नोंदवहीही सुरू केली आहे.

डीपफेकसाठी 'तोतया' घ्या. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिलेला तोतया आपल्या इतिहासात आहे, तोतया पोलीस आजच्या बातम्यांत आहे. तोतया आवाज, तोतया चित्रफीत हे कोणालाही चटकन कळेल. स्लोव्हाकियात सप्टेंबर २०२३ च्या मतदानाच्या दोन दिवस आधी एका पक्षनेत्याचा असा तोतया आवाज पसरवला गेला, तोही प्रचारबंदी असताना, म्हणजे खुलासा करण्याची वाट सर्वांत अरुंद असताना. आपल्याकडे ६ मे २०२४ रोजी आयोगाने पक्षांना बजावले की असा मजकूर लक्षात आणून दिल्यापासून ३ तासांत काढावा. आपल्याकडेही मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो, मोबाइल मात्र चालू असतात. तुमचे पत्रक त्याच्या आधी मुलांच्या हाती पडेल असे पाहा.