चौथ्या भागाची वाट पाहणाऱ्यास

चिरंजीव,

शिरपूरहून अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला लेख मी दोनदा वाचला आणि तुला माझे मत हवे आहे म्हणून ते आडपडदा न ठेवता लिहितो. लष्करी डावपेचांच्या संगणकीय खेळांविषयी मराठीत इतक्या बारकाईने लिहिणारे फार थोडे आहेत. मशीनगनच्या माऱ्याखाली अर्ध्या तुकडीने शत्रूला गुंतवून ठेवावे आणि उरलेल्यांनी ओढ्याच्या काठाकाठाने बगलेवर जावे, हे तू ज्या परिच्छेदात समजावून सांगितले आहेस तो परिच्छेद मला फार आवडला. अडचण अशी आहे, की तो आर्मा या युद्धखेळांच्या मालिकेतील तिसऱ्या भागाविषयी, म्हणजे आर्मा ३ विषयी आहे आणि लेखाचा उरलेला मोठा भाग अजून बाजारात न आलेल्या आर्मा ४ विषयी. आर्मा ४ तू खेळलेला नाहीस, मी खेळलेलो नाही, आणि ज्यांच्याशी तू भांडतो आहेस त्यांनीही तो खेळलेला नाही.

ठाऊक आहे ते एवढेच. आर्मा ३ सप्टेंबर २०१३ मध्ये आला. मे २०२२ मध्ये चेक प्रजासत्ताकातील बोहेमिया इंटरअ‍ॅक्टिव्ह या कंपनीने चौथ्या भागाची घोषणा केली, त्याच महिन्यात आर्मा रिफॉर्जर हा लहान खेळ अर्धवट अवस्थेत विक्रीला ठेवला, आणि पुढे चौथ्या भागासाठी २०२७ हे साल सांगितले. आमच्याच पैशाने नव्या इंजिनाची (म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर खेळ चालतो त्याची) चाचणी करून घेतली, अशी जुन्या खेळाडूंची रिफॉर्जरविषयी तक्रार आहे. ती अगदीच निराधार नाही. मात्र रिफॉर्जर ही चौथ्या भागाकडे नेणारी पायरी आहे हे कंपनीने लपवले नव्हते, हेही तितकेच खरे. रिफॉर्जर एक्सबॉक्स आणि नंतर प्लेस्टेशन या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांवर (कन्सोलवर) गेल्यापासून, कन्सोलवाल्यांसाठी चौथा भाग सोपा करून टाकतील की काय, ही भीती त्यात भर घालते आहे. भीती बाळगायला हरकत नाही, पण तू तिला बातमीसारखे लिहिले आहेस.

मे महिन्यात आपल्याकडे कृषी केंद्रांसमोर कपाशीच्या एखाद्या वाणासाठी कशी रांग लागते, हे तू लहानपणापासून पाहतो आहेस. पाकिटावर टपोरे बोंड छापलेले असते आणि त्याच्या भरवशावर माणूस छापील किमतीपेक्षा जादा पैसे मोजून मोकळा होतो. वावरात काय होणार हे मात्र पाऊस, जमीन आणि बोंडअळी ठरवते. ट्रेलर हे असे पाकीट आहे. म्हणून आगाऊ नोंदणी करू नकोस. खेळ बाजारात आल्यावर चार आठवडे थांबून घेतलास तर त्यात काही कमी होणार नाही.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या दुसऱ्या परिच्छेदात तू लिहितोस, की ही मालिका इतर युद्धखेळांहून श्रेष्ठ आहे, कारण तिच्यात युद्ध खऱ्यासारखे आहे: गोळी अंतरानुसार खाली येते, जखमी सैनिकाला उचलून न्यावे लागते, नकाशा खऱ्या भूमीवरून घेतलेला असतो. पाचव्या परिच्छेदात, या खेळांवर आक्षेप घेणाऱ्यांना उत्तर देताना, तू लिहितोस की हा शेवटी केवळ खेळ आहे आणि ज्यांना तो झेपत नाही त्यांनी लुडो खेळावा. स्तुती करताना खरेपणा पुढे करायचा आणि जाब विचारला की खेळाच्या मागे लपायचे, या दोन्ही गोष्टी एका लेखात चालणार नाहीत. एवढे एक तुला पटले तर बाकीचे पत्र वाचले नाहीस तरी चालेल. (तू वाचशील, हे मला ठाऊक आहे.)

खरेपणाची किंमत काय असते ते याच मालिकेच्या इतिहासात दिसते. आर्मा ३ मधले आल्टिस हे सुमारे २७० चौरस किलोमीटरचे बेट ग्रीसच्या लिम्नोस बेटावरून घेतलेले आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनीचे दोन कर्मचारी त्या बेटावर गेले असताना लष्करी ठिकाणांची छायाचित्रे घेतल्याच्या आरोपावरून ग्रीक पोलिसांनी त्यांना पकडले. आम्ही सुटीवर आलो होतो, हेरगिरीशी आमचा संबंध नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही जामीन मिळून घरी परतेपर्यंत जानेवारी २०१३ उजाडला. खेळातल्या बेटाचे आधीचे लिम्नोस हे नावही कंपनीने नंतर बदलले. या प्रकरणाला तू सरकारी मूर्खपणा म्हटले आहेस. चार महिने दोन माणसांना कोठडीत ठेवणे मलाही अन्यायाचेच वाटते. परंतु उद्या एखादा परदेशी पाहुणा वरणगावच्या आयुध निर्माणीच्या कुंपणाबाहेर कॅमेरा घेऊन उभा राहिला आणि मला खेळाचा नकाशा करायचा आहे असे म्हणाला, तर तुझा स्वतःचा मामा, जो तिथे नोकरीला आहे, काय करील याचा विचार कर.

ज्यांची भूमी नकाशात जाते त्यांचा रागही असाच ऐकून घेण्यासारखा असतो. घोस्ट रिकॉन मालिकेतील ॲडव्हान्स्ड वॉरफायटर २ हा भाग २००७ मध्ये आला, तेव्हा त्यात मेक्सिकोच्या सीमेवरील स्यूदाद हुआरेस शहर रणांगण म्हणून दाखवले होते. तिथल्या चिवावा प्रांताच्या राज्यपालांनी त्या खेळाच्या प्रती जप्त करण्याचे आदेश दिले. याच मालिकेतील २०१७ च्या वाइल्डलँड्समध्ये अमली पदार्थांच्या टोळीने ताब्यात घेतलेला बोलिव्हिया रंगवला गेला आणि खऱ्या बोलिव्हियाच्या सरकारने फ्रान्सच्या राजदूताकडे निषेध नोंदवला, कारण खेळ बनवणारी उबिसॉफ्ट ही कंपनी फ्रेंच. जप्ती मला मान्य नाही. पण आपले गाव जगभरच्या पडद्यांवर केवळ गोळ्या झाडण्याची जागा म्हणून पोचले, तर त्या गावच्या माणसाने चिडू नये, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

सर्वांत अवघड वाद इतिहासाचा असतो, आणि तुझ्या लेखात त्याला जेमतेम दोन ओळी मिळाल्या आहेत. कंपनी ऑफ हीरोज २ हा दुसऱ्या महायुद्धावरचा सिक्वेल जून २०१३ मध्ये आला. पहिला भाग नॉर्मंडीतल्या अमेरिकी सैनिकांचा होता. दुसऱ्यात खेळाडू सोव्हिएत बाजूने लढतो. २८ जुलै १९४२ चा स्टालिनचा २२७ क्रमांकाचा आदेश, म्हणजे एक पाऊलही मागे न घेण्याचा तो कुप्रसिद्ध हुकूम, खेळाच्या नियमांतच बसवलेला होता आणि माघार घेणारे सैनिक आपल्याच लोकांच्या गोळ्यांना बळी पडताना दिसत. रशियन खेळाडू भडकले, खेळ मागे घ्यावा म्हणून सह्यांचा अर्ज फिरला आणि तिथल्या वितरकाने विक्री थांबवली. आदेश खोटा नव्हता आणि पळणाऱ्यांना रोखणारी पथकेही कल्पनेतली नव्हती. आक्षेप प्रमाणावर होता: लाखो माणसांनी जीव देऊन लढलेल्या युद्धातून क्रौर्याचे तेवढे प्रसंग निवडून एका पाठोपाठ एक मांडले, तर प्रत्येक प्रसंग सुटा खरा असूनही गोष्ट खोटी होऊ शकते. या आक्षेपाशी सहमत हो किंवा होऊ नकोस, पण तो तू म्हणतोस तसा ‘हळव्या लोकांचा गोंधळ’ नाही.

हे तुला दूरचे वाटत असेल तर थाळनेरला जाऊन ये. शिरपूरहून तास लागणार नाही. तापीच्या काठावरचा तो पडका किल्ला तू फारुकी राजांच्या थडग्यांसाठी शाळेच्या सहलीत पाहिला असशील. आता २७ फेब्रुवारी १८१८ या दिवसासाठी पाहा. मंदसोरच्या तहाने होळकरांचे खानदेशातील किल्ले इंग्रजांकडे जायचे होते. सर थॉमस हिस्लॉपची फौज थाळनेरला आली तेव्हा किल्लेदाराने ताबा न देता मारा सुरू केला. तोफा चालल्या, इंग्रज बाहेरच्या दरवाजांतून आत शिरले, किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. आतल्या दरवाजामागे अरब शिबंदी मात्र अजून होतीच. दिंडी, म्हणजे मोठ्या दरवाजातले लहान दार, उघडली गेली, काही अधिकारी मोजक्या माणसांनिशी वाकून आत गेले, आणि पुढच्या काही क्षणांत तिथे काय बोलले गेले, कोणाला काय समजले, यावर आजतागायत एकमत नाही. दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर शिबंदी कापून काढण्यात आली आणि आधीच शरण आलेल्या किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी देण्यात आले. या फाशीवरून पुढे ब्रिटिश संसदेतही प्रश्न उठले.

आता मला सांग, हा प्रसंग डावपेचांचा खेळ म्हणून बांधायला दिला तर तू खेळाडूला दिंडीच्या कोणत्या बाजूला उभा करशील? बाहेर उभा केलास तर आतले अरब कपटी ठरतात. आत उभा केलास तर वाकून शिरणारी प्रत्येक आकृती हल्लेखोर ठरते. आणि त्याला कोणत्या आज्ञा देशील? आडोसा घ्या, गोळी झाडा, बगलेवर जा, या आज्ञा प्रत्येक खेळात असतात. थांबून, दुभाष्याला बोलावून, समोरचा काय म्हणतो ते समजून घेण्याची कळ क्वचितच असते, आणि जी कळच नाही ती खेळाडू दाबणार कशी? पोलिसांच्या कारवायांवरचा स्वॅट ४ हा २००५ चा खेळ या बाबतीत मला आजही मोठा वाटतो, कारण त्यात आधी ओरडून शरण यायला सांगावे लागते आणि विनाकारण गोळी झाडली तर गुण कापले जातात. खेळ बनवणाऱ्याचे युद्धाविषयीचे मत संवादांपेक्षा अशा नियमांत अधिक सापडते. चौथ्या भागाकडून अपेक्षाच लिहायची असेल तर ही लिही; झाडांची पाने किती हलतात यावर तू जवळजवळ पानभर लिहिले आहेस.

नावाच्या आणि पैशाच्या वादांवर मात्र मी तुझ्याइतका वेळ घालवला नसता. २००१ चा ऑपरेशन फ्लॅशपॉइंट बोहेमियाने बनवला, कोडमास्टर्सने प्रकाशित केला. दोघे वेगळे झाले तेव्हा नाव प्रकाशकाकडे राहिले आणि कारागीर आर्मा या नव्या नावाने उभे राहिले. २००९ मध्ये एकीकडून आर्मा २ आणि दुसरीकडून ड्रॅगन रायजिंग आला, आणि खरा वारस कोण यावर पुष्कळ शाई सांडली. खेळाडूंनी ते भांडण खेळून मिटवले. (तो पहिला खेळ आम्ही धुळ्यातल्या एका कॅफेत खेळायचो, सीडी अर्थातच नक्कल केलेली. नकली प्रत ओळखून खेळ हळूहळू बिघडवणारी, बंदुकीचा नेम चुकवणारी युक्ती त्यात होती, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. गोळी लागेना म्हणून आमच्यातला एकजण बाकीच्यांना श्वास रोखून नेम कसा धरावा हे शिकवत असे.) पैशाच्या वादाला घोस्ट रिकॉनचाच २०१९ चा ब्रेकपॉइंट पुरेसा आहे: पूर्ण किमतीच्या खेळात वर आणखी खरेदीचे दुकान, आणि २०२१ च्या डिसेंबरात त्यावर एनएफटीचा, म्हणजे खेळातल्या वस्तूंच्या डिजिटल मालकीपत्रांचा, प्रयोग, जो खेळाडूंनी धुडकावून लावला. इथे ग्राहकाने ओरडलेच पाहिजे, आणि दोन ओळींत ओरडून होते.

शेवटी तुझ्या व्हिडिओंविषयी. आर्मा ३ ची चित्रफीत खऱ्या युद्धाची म्हणून फिरते, हे तू ओझरते लिहून गेला आहेस. तुझ्या दृष्टीने मात्र तेच सर्वांत जवळचे प्रकरण आहे. २०२१ मध्ये अफगाणिस्तानातील पंजशीर खोऱ्यावरचा हल्ला म्हणून आपल्याच देशातील काही वृत्तवाहिन्यांनी या खेळातले दृश्य दाखवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये खुद्द बोहेमियाला निवेदन काढून अशा फिती कशा ओळखाव्यात हे सांगावे लागले: चित्र धूसर, कॅमेरा हलता, बहुतेकदा रात्रीची वेळ, आवाज नाही, माणसे दिसत नाहीत. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत पुन्हा तेच घडले, आणि त्या रात्री आपल्या गल्लीतल्या गटांवर काय काय येत होते ते तूही पाहिलेस. तू आर्मा ३ मधली रात्रीची चकमक अहिराणी समालोचनासह टाकणार आहेस, ही कल्पना मला मनापासून आवडली आहे. पण समालोचन कापून उरलेले वीस सेकंद कोणीही उचलू शकतो. म्हणून खेळाचे नाव चित्राच्या मधोमध, फिकट अक्षरांत का होईना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत राहू दे. कोपऱ्यात ठेवलेले नाव कापायला एक क्षण लागतो. पडद्यावरची खेळाची माहितीपट्टी आणि नकाशाची चौकट झाकू नकोस. त्यामुळे चित्र कमी खरे दिसेल, याची मला कल्पना आहे.

लेखातला पाचवा परिच्छेद काढ, ‘गद्दार’ हा शब्द जिथे जिथे आला आहे तिथून काढ, आणि चौथ्या भागाविषयीचा मजकूर अर्ध्यावर आण. मोकळ्या झालेल्या जागेत थाळनेर येऊ दे. उन्हे तापण्याआधी, सकाळीच जा. वही ने, आणि दरवाजापासून आतल्या जागेचे अंतर स्वतः पावलांनी मोजून आण, कारण खेळाचा नकाशा करायचा म्हटले तर पहिला प्रश्न तोच येईल. नवा मसुदा कागदावर छापून पाठव. मोबाइलवर वाचून माझे डोळे दुखतात.

तुझा,
नाना