आधी वायर बघ

प्रिय पोरी,

तुझा मेसेज तीनदा वाचला. नेटवर्किंगच्या ओएसआय मॉडेलचे सातही लेयर, म्हणजे थर, तोंडपाठ, सबनेटिंगची, म्हणजे नेटवर्कचे तुकडे पाडायची, गणितं बिनचूक, आणि लॅबमध्ये मशीनवर १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता दिसला तशी तू गारठलीस. ‘काका, मला नेटवर्किंग जमणारच नाही का?’ याचं उत्तर मी देणार नाही. मला एवढंच सांग, त्या वेळी वायर बघितलीस का?

नाही ना. वही चाळलीस.

अगं, ते मशीन सांगत होतं की मी पत्ता मागितला, कोणी दिला नाही, म्हणून माझा मीच एक घेतला. अशा वेळी केबल नीट बसलीय का बघायचं आणि वायरशार्क, म्हणजे तारेवरून जाणारी पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडायचं. पत्ता मागण्या-देण्याची डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक, अशी चार पॅकेट दिसली पाहिजेत. नुसतं डिस्कव्हरच पुन्हा पुन्हा जात असेल, तर हाक जातेय आणि ओ येत नाहीये. मग स्विचचा पोर्ट, व्हीलॅन (स्विचमध्ये वेगळे पाडलेले गट), पत्ते वाटणारा सर्व्हर असं एकेक करत पुढे सरकायचं. यात कसली आलीय हुशारी? बघावं लागतं.

मला हे कोणी वेळेवर सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं म्हणा. पहिल्या नोकरीत एका ऑफिसचं केबलिंग मी एकट्याने केलं. केबलमध्ये दोन-दोन तारांच्या चार पिळलेल्या जोड्या असतात. मी त्या ओळीने लावल्या: नारिंगी जोडी, मग हिरवी, मग निळी, मग तपकिरी, दोन्ही टोकांना अगदी सारखी. दिसायला काय सुबक! टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले. पण छोटी फाइल जायची आणि मोठी मध्येच अडकायची. दोन दिवस मी विंडोज पुन्हा पुन्हा टाकत बसलो, कार्डं बदलली, दुकानदाराशी भांडलो. शेवटी टेलिफोनच्या कामाला आलेल्या एका लाइनमनने कनेक्टर डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, ‘साहेब, जोडी फोडली कशाला?’ तीन आणि सहा नंबरच्या पिनांवर एकाच पिळातल्या तारा लागतात. मी तीनवर हिरव्या जोडीतली आणि सहावर निळ्या जोडीतली घातली होती. तार सलग आहे एवढंच टेस्टर सांगतो, तिचा पीळ कोणाशी आहे ते त्याला कळत नाही. वायर बघितली असती तर दोन दिवस वाचले असते.

लेयर पाठ करू नकोस असं नाही. पण ते सात थर मानक म्हणून १९८४ साली छापून आले, आणि इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं आर्पानेट १ जानेवारी १९८३ लाच टीसीपी-आयपीवर, म्हणजे आजचं इंटरनेट ज्या नियमांवर चालतं त्यांवर, गेलं होतं. नकाशा छापून यायच्या आत गाडी सुटली होती.

सर्टिफिकेटच्या परीक्षा मी दिल्या नाहीत, हे तुझ्या बाबांनी सांगितलं असेलच. माझ्यामागून आलेली पोरं मॅनेजर झाली. होऊ देत. रात्री दोनला लिंक पडली की फोन मलाच येतो. फीला पैसे नव्हते असं मी सगळ्यांना सांगतो. पैसे होते. नापास व्हायची भीती वाटली. तू परीक्षा दे, माझं बघून टाळू नकोस. पण आधी वायर बघ.

रविवारी घरी ये. कनेक्टर दाबून बसवायचं क्रिंपिंग टूल आणि वीसेक कनेक्टर काढून ठेवतो. पहिले आठ-दहा वाया जातील, त्याचे पैसे मी मागणार नाही. लॅपटॉप आण, पण मी सांगेपर्यंत उघडायचा नाही.

तुझा,
काका