परराष्ट्र धोरण शिकलात. पहिली नोकरी कुठे?

मुलीला दिल्लीच्या जेएनयूत आंतरराष्ट्रीय संबंधांच्या एमएला प्रवेश मिळालाय. ती परराष्ट्र सेवेत जाईल ना? – एक पालक, नांदेड

तिथे जायला यूपीएससीची नागरी सेवा परीक्षाच द्यावी लागते आणि त्या परीक्षेला कुठल्याही शाखेचा पदवीधर बसतो. अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे कोल्हापुरात शिकले, १९८३च्या तुकडीतून सेवेत आले आणि पुढे न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत झाले. परराष्ट्र सेवेतूनच पुढे परराष्ट्रमंत्री झालेले एस. जयशंकर यांनी मात्र जेएनयूतूनच पीएचडी केली. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. एमएचा परीक्षेला उपयोग होतो, कारण ‘राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध’ हा वैकल्पिक विषय घेतला तर बराच अभ्यास वर्गात झालेला असतो. पण दरवर्षी परराष्ट्र सेवेच्या जागा मोजक्याच निघतात. तेव्हा तिच्यावर या एकाच अपेक्षेचं ओझं कृपया टाकू नका.

मी एमएच्या पहिल्या वर्षाला आहे. थिंक टँकमध्ये, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत, काम करायचंय. आत्तापासून काय करू? – विद्यार्थिनी, मूळ गाव सांगली

एक प्रदेश निवडा आणि त्याची भाषा शिका. हे मी अगदी आग्रहाने सांगतो. जेएनयूतल्या आंतरराष्ट्रीय संबंधांच्या विद्याशाखेचं मूळ १९५५ साली दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये सुरू झालेल्या संस्थेत आहे. १९७०मध्ये ती विद्यापीठात विलीन झाली. तिथे पश्चिम आशिया, पूर्व आशिया, आफ्रिका, रशिया-मध्य आशिया अशी वेगवेगळी केंद्रं आहेत, आणि भाषा शिकवणारी विद्याशाखा त्याच आवारात. तरीही बरीच मुलं ‘भारताचं परराष्ट्र धोरण’ या ऐसपैस विषयावरच थांबतात. मग संशोधन सहायकाच्या मुलाखतीला सगळ्यांचे अर्ज सारखेच दिसतात. चिनी वृत्तपत्र मुळातून वाचणारी, किंवा इराणच्या चाबहार बंदराचा करार कलमानिशी समजावून सांगणारी मुलगी त्यात लगेच उठून दिसते.

दुसरी गोष्ट लेखनाची. विद्यापीठात पाच हजार शब्दांचा निबंध लिहून घेतात, नोकरीत दोन पानी टिपण मागतात: काय घडलं, भारताला त्याचं काय, आता काय करावं. दर आठवड्याला असं एक टिपण लिहा, प्राध्यापकांना दाखवा, खाडाखोड करून घ्या. अर्ज करताना त्यातली दोन-तीन चांगली टिपणं जोडता येतील. १९६५ साली स्थापन झालेली, आता मनोहर पर्रीकरांचं नाव असलेली संरक्षण अभ्यास संस्था किंवा मुंबईतलं गेटवे हाउस यांचं प्रकाशित लेखन नमुना म्हणून वाचा. परराष्ट्र मंत्रालयाची इंटर्नशिपही असते. तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

सुरुवातीची कामं बहुधा करारावरची असतात आणि दिल्लीचं घरभाडं जड जातं. घरच्यांशी याबद्दल आधीच बोलून ठेवा.

मराठी माध्यमातून आलोय, वर्गात इंग्रजीत बोलताना अडखळतो. माझा निभाव लागेल का? – विद्यार्थी, बीड

लागेल. पहिलं सत्र जड जाईल, पण लिहिण्यावर भर द्या, बोलणं मागोमाग सुधारतं. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून देता येते, मुलाखतही. आणि नवी परदेशी भाषा शिकताना तुमच्या वर्गातले सगळे पहिल्या दिवसापासूनच सुरुवात करतात, तिथे तुम्ही कुणाच्याही मागे नसता.

एमएनंतर यूपीएससीचे तीन प्रयत्न झाले, यश नाही. वय २७. आता कुठे जाऊ? – वाचक, पुणे

ही वर्षं अर्जात लपवू नका, त्या काळात काय वाचलंत ते लिहा. कर्मचारी निवड आयोगाच्या (एसएससी) पदवीधरांसाठीच्या सीजीएल परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी होता येतं आणि त्या पदावरून परदेशी नेमणुकाही मिळतात. हा पर्याय आपल्याकडे फारच कमी मुलं गांभीर्याने घेतात. दिल्ली-मुंबईतले परदेशी दूतावास आणि वाणिज्य दूतावास राजकीय व व्यापारविषयक कामांसाठी स्थानिक माणसं नेमतात. अध्यापन आवडत असेल तर प्राध्यापकपदासाठीची नेट परीक्षा द्या. पुण्यातच आहात, तर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी, जर्मन किंवा रशियनचा वर्ग लावा. जपानी-जर्मन कंपन्या तुमच्या शहराभोवतीच आहेत, आणि भाषेसोबत त्या देशाचं राजकारण-व्यापार जाणणारा माणूस त्यांना हवा असतो. चौथा प्रयत्न करायचाच असेल तर नोकरी धरून करा.