लेकीने बाबांच्या सरकारी कॉन्ट्रॅक्टच्या धंद्यात उतरावं का?

ताई, नमस्कार.

पत्र मिळालं. थोडक्यात मला कळलं ते असं की न्यू जर्सीत एडिसनला तुमच्या मिस्टरांचा ऑफिस सप्लाय आणि साफसफाईच्या सामानाचा होलसेल धंदा आहे, माणसं मोजून चार, साडेतीन वर्षांपूर्वी जीएसएचं (अमेरिकन केंद्र सरकारची खरेदी बघणारं खातं) कॉन्ट्रॅक्ट मिळालं पण त्यावर आजवर जेमतेम ७०,००० डॉलरचाच माल गेलाय. लेक सप्लाय चेन शिकून बाहेर पडलीय, हातात मोठ्या कंपनीची ऑफर आहे आणि ती म्हणते की मी बाबांचं फेडरलचं काम सांभाळते. तुम्हाला भीती की टेंडरबिंडरच्या भानगडीत पोरीची वर्षं जातील.

आधी त्या कॉन्ट्रॅक्टचंच बघू. शेड्यूलवर, म्हणजे जीएसएच्या ठरलेल्या भावांच्या यादीवर, नाव लागलं म्हणजे ऑर्डरी सुरू झाल्या असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नसतं हो. सरकारी खरेदीवाल्यांना तुमच्याकडून ठरलेल्या भावात घ्यायची मुभा मिळाली, एवढाच त्याचा अर्थ, ऑर्डर मात्र प्रत्येक वेळी मिळवावीच लागते. कॉन्ट्रॅक्ट ५ वर्षांचं असतं आणि पुढे ५-५ वर्षांची तीन एक्स्टेन्शन, म्हणजे एकूण २० वर्षं चालू शकतं, पण पहिल्या ५ वर्षांत निदान १ लाख डॉलरची विक्री दाखवावी लागते आणि नंतरच्या प्रत्येक ५ वर्षांत सव्वा लाखाची. तुमचा आकडा बघा मग. दीड वर्ष हातात आहे आणि ३०,००० कमी आहेत, आणि २०२५ पासून जीएसए न चालणारी कॉन्ट्रॅक्टं स्वतःहूनच गळून जाऊ देतंय. तेव्हा लेकीला काम काय असेल हा तुमचा प्रश्न मला जरा गमतीचा वाटला, काम समोर पडलंय, ते करायला माणूस नाहीये, कारण मिस्टर दिवसभर डिलिव्हरीच्या मागे.

हे काम म्हणजे नुसती कारकुनी नाही. एक साधं उदाहरण देतो. तुमच्या कॅटलॉगमध्ये एक स्टेपलर आहे समजा, मेड इन तैवान, शेड्यूलवर चालतो. उत्पादकाने खर्च वाचवायला तोच स्टेपलर चीनमध्ये बनवायला घेतला, मॉडेल नंबर तोच, खोका तोच, फक्त खोक्याच्या खाली बारीक अक्षरात देशाचं नाव बदललं. तो आता ट्रेड अॅग्रीमेंट्स अॅक्टमध्ये, म्हणजे कोणत्या देशांचा माल सरकारला चालतो ते ठरवणाऱ्या कायद्यात, बसत नाही, तरी तुमच्या यादीवर तैवानच लिहिलेलं आहे आणि माल सरकारी ऑफिसात जातोय. हे कुणी धरलं तर सरकारला फसवणाऱ्यांवरच्या फॉल्स क्लेम्स अॅक्टपर्यंत जाऊ शकतं, तो कायदा १८६३ चा, यादवी युद्धाच्या काळातला, आणि त्यात नुकसानीच्या तिप्पट भरपाई अधिक दंड. मुद्दाम केलं नाही म्हणून दरवेळी सुटका होते असंही नाही, डोळेझाक केली तरी तो कायदा लागतो. गोडाऊनमध्ये जाऊन खोके उलटे करून बघणारं माणूस पाहिजे, आणि उत्पादकाकडून दरवर्षी लेखी घेणारं.

आणि सोलापूरच्या भावाचे टॉवेल सरकारला विकायचा विषय तुम्ही काढलाय, तो इथेच मिटतो, वाईट वाटून घेऊ नका. भारत ट्रेड अॅग्रीमेंट्स अॅक्टच्या यादीत नाही, त्यामुळे सोलापुरी टॉवेल कितीही चांगला असला तरी शेड्यूलवर चालणार नाही, इथे आणून नुसतं लेबल लावलं किंवा पॅकिंग केलं तरी नाही. मिलिटरीला विकू म्हणाल तर तिथे बेरी अमेंडमेंट आहे, कापड तर सोडाच, धागासुद्धा अमेरिकेतलाच लागतो. भावाला आत्ताच सांगून टाका, त्याने कंटेनर भरायच्या आत.

चूक होण्याची दुसरी जागा म्हणजे मालाची किंमत. मिस्टरांनी जुन्या गिऱ्हाइकाला फोनवर 'चला, अजून पाच टक्के सोडतो' म्हटलं आणि ते गिऱ्हाईक नेमकं कॉन्ट्रॅक्टचा भाव ठरवताना आधार धरलेल्या गटातलं निघालं, तर सरकारलाही भाव उतरवून द्यावा लागतो. (ट्रान्झॅक्शनल डेटा रिपोर्टिंगमध्ये, म्हणजे प्रत्येक विक्रीचा तपशील जीएसएला कळवायच्या पद्धतीत, असाल तर हे कलम लागत नाही, कॉन्ट्रॅक्ट उघडून बघा.) आपल्या माणसांना घासाघीस केल्याशिवाय धंदा केल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे हे बाबांना समजावणं हेच लेकीचं सगळ्यात अवघड काम असणार. बाकी विक्रीचा रिपोर्ट आणि जीएसएची ०.७५ टक्के फी, म्हणजे १०,००० च्या मालावर ७५ डॉलर, आणि सॅम या सरकारी पोर्टलवरचं रजिस्ट्रेशन दरवर्षी रिन्यू करणं. ते फुकट असतं, पैसे मागणाऱ्या ईमेल येतात त्या सरळ उडवायच्या.

विक्री वाढवायची तर कॅलेंडर लक्षात ठेवायला सांगा. फेडरल वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, बजेट परत जाऊ नये म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खरेदीची झुंबड उडते, तेव्हा गणपतीत सगळे सुट्टीवर आणि कोटेशनला उत्तर द्यायला कोणी नाही असं व्हायला नको. उलट १ ऑक्टोबरनंतर पैसा अडकूही शकतो, २०२५ मध्ये शटडाउन, म्हणजे बजेटअभावी सरकारी कामकाज बंद, ४३ दिवस चालला. एकट्या सरकारवर धंदा उभा करू नका म्हणून मी सांगतो ते यासाठी, खासगी गिऱ्हाईक सोडू नये.

मायनॉरिटीचं सर्टिफिकेट काढायचं का विचारलंय. एट-ए, म्हणजे वंचितांच्या छोट्या धंद्यांना सरकारी कामं देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये भारतीय वंशाच्या अमेरिकन नागरिकांना आधी वंचित गृहीत धरायचे, २०२३ च्या कोर्टाच्या निकालानंतर ते गेलं, आता स्वतःचा अनुभव लिहून सिद्ध करावं लागतं. महिलांच्या धंद्याचा दर्जा लेकीला घेता येईल, नागरिक आहेच ती, पण ५१ टक्के मालकी आणि कारभार दोन्ही खरोखर तिच्या हातात पाहिजे. आपल्याकडच्या सरपंचपतीसारखा प्रकार इथे फसवणुकीत जातो.

आता करिअर. माझं मत स्पष्ट आहे, ती ऑफर जर एखाद्या फेडरल कॉन्ट्रॅक्टरकडे कॉन्ट्रॅक्ट अॅडमिनिस्ट्रेटरची असती तर मी म्हटलं असतं आधी ती घे, दोन वर्षं दुसऱ्याच्या खर्चाने शिक. पण तुम्ही लिहिलंय की ती रिटेल कंपनीच्या वेअरहाउस प्लॅनिंगची आहे, मग बाबांकडचं काम जास्त शिकवेल. सोबत एनसीएमए या कॉन्ट्रॅक्ट मॅनेजरांच्या संघटनेचं फेडरल कॉन्ट्रॅक्ट मॅनेजरचं सर्टिफिकेशन करू दे. फार नावाची खरेदीची नियमावली सध्या नव्याने लिहिली जातेय, त्यामुळे जुने लोकही पुन्हा शिकतायत, नव्या माणसाला ही वेळ बरी. जवळच्या एपेक्स अॅक्सिलरेटर या सरकारी मदत केंद्रात सल्ला फुकट मिळतो, महागडा कन्सल्टंट धरायच्या आधी तिथे जाऊ दे. पुढे धंदा नाही जमला तरी हा अनुभव मोठ्या कंपन्यांत चालतो, आणि सरकारच्या बाजूने कॉन्ट्रॅक्ट स्पेशालिस्ट म्हणूनही.

फक्त एक अट घाला. 'घरचंच तर आहे' म्हणून फुकट राबवू नका. ऑफर लेटर, पदाचं नाव, बाजारभावाने पगार, सगळं कागदावर, आणि एक्स्टेन्शनची तारीख येईपर्यंतचं टार्गेट बाप-लेकीने बसून ठरवायचं. मिस्टर यातलं काही लिहून द्यायला तयार नसतील तर मात्र तिने ती वेअरहाउसची ऑफर घ्यावी.