पवना धरणाकाठी घर घेतलं आहे. गावातल्या सण-उत्सवांत आम्ही पुण्याच्या लोकांनी कसं सामील व्हावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धरणाच्या काठी छोटं घर घेतलं, शनिवार-रविवार जाता, देवळाकडून ढोल ऐकू येतो, पण आपण जावं की लांबूनच ऐकावं ते कळत नाही. शिवाय वर्षभरात तिथे नक्की काय-काय असतं हेही माहीत नाही.

मी कोथरूडचा. पवनानगरच्या पलीकडे एका वाडीत आमच्या दोन खोल्या आणि पडवी आहे, अकरा वर्षं झाली. पहिली गोष्ट सांगतो: शनिवार-रविवार डोक्यातून काढा. गाव तिथीवर चालतं.

मला हे कोजागिरीने शिकवलं. घर नवीन, उत्साह दांडगा. पौर्णिमा गुरुवारी होती, पण रजा कोण घेणार, म्हणून आम्ही शनिवारी रात्री अंगणात कोजागिरी ठेवली. बारा लिटर दूध, केशर, चारोळी, भाड्याच्या खुर्च्या. वाडीत घरोघरी सांगून आलो, सगळे "येतो की" म्हणाले. आले चार जण, तेही शेजारच्या बंगल्यातले ठाण्याचे. दहाच्या सुमाराला खालच्या आळीतले आबा बॅटरी मारत आले. खुर्च्यांच्या रांगा बघून म्हणाले, "सायेब, पुनव परवाच झाली की. आन् काकडा सुरू झालाय, लोकं चारला उठत्यात. आता कोन जागंल?" मग पातेल्यात डोकावून, "हे पहाटं देवळात आना."

आणलं. पातेल्याचा एक कान बायकोच्या हातात, एक माझ्या, आणि अंधारात पायाखाली दगड. आत टाळ चालू होते. आरती झाल्यावर कुणीतरी बाहेर तीन दगडांवर दूध तापवलं आणि स्टीलच्या पेल्यांतून वाटलं. आमची ओळख कुणी विचारली नाही, पण त्या दिवसापासून दुकानात पिशवी भरताना "दूधवालं पुनेकर" असं ऐकू यायला लागलं. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर हा काकडा चालतो. त्याचं आमंत्रण येत नसतं, सरळ जाऊन मागे बसायचं.

सगळ्यात मोठा दिवस यात्रेचा. मावळातल्या बऱ्याच गावांच्या यात्रा चैत्राच्या आसपास असतात, तिथी गावागणिक वेगळी. मुंबईचे डबेवाले दरवर्षी एप्रिलच्या सुमाराला पाच-सहा दिवस सुट्टी घेतात ती याच यात्रांसाठी. त्यातले कितीतरी जण मावळ, मुळशी, खेड, जुन्नर याच पट्ट्यातले आहेत. एरवी म्हाताऱ्यांचीच दिसणारी वाडी त्या दोन दिवसांत ओळखू येत नाही. माहेरवाशिणी येतात, मुंबईची नातवंडं येतात, प्रत्येक ओट्यावर अंथरुणं. चौकातल्या फ्लेक्सवर कार्यक्रम छापलेला असतो: पहाटे अभिषेक, मांडव डहाळे, हारतुरे, रात्री पालखी आणि छबिना (देवाची वाजतगाजत मिरवणूक), मग लोकनाट्य तमाशा, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा.

मी आखाड्याला चुकत नाही. मोठ्या कुस्त्यांतलं मला फार कळत नाही, मी जातो ते सुरुवातीच्या रेवडीवरच्या कुस्त्या बघायला. सात-आठ वर्षांची पोरं, अंगावर फक्त चड्डी. पंच दोघांची मनगटं धरून त्यांना मातीत उभं करतो, चिमूटभर माती दोघांच्या हातात देतो आणि बाजूला होतो. मागच्या वर्षी एक पोरगं चीत झालं, रडत उठलं आणि रडतानाच मुठीतल्या रेवड्या मोजत बसलं. जिंकलेल्याला जास्त मिळाल्या की काय, हे त्याला आधी बघायचं होतं.

जेवणाचं म्हणाल तर पहिल्या दिवशी देवाला पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी मटण. तीन घरांतून बोलावणं आलं तर तिन्हीकडे थोडं थोडं खा. एका घरी पोट भरून दुसऱ्या घरी "झालं आमचं" म्हणालात तर ते वर्षभर लक्षात राहतं. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

ज्या गावाला घाट, म्हणजे गाडे पळवायची धावपट्टी, आहे तिथे बैलगाडा शर्यतही असते. चार बैल, पुढे घोडी, आणि सगळा हिशोब सेकंदात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली होती, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि २०२३ साली घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. मला स्वतःला तो प्रकार बघवत नाही, मी त्या वेळी घरी असतो. पण चहाच्या टपरीवर प्राणिप्रेमाचं भाषण देऊ नका. ज्याने घरच्याआधी बैलाला खाऊ घातलंय त्याला आपण काय सांगणार?

चैत्र संपता संपता पाणी आटायला लागतं आणि वाघेश्वराचं दगडी देऊळ धरणातून वर येतं. वर्षातले बरेच महिने ते पाण्याखालीच असतं. इन्स्टाग्रामवर त्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिथे सेल्फीवाल्यांची झुंबड असते. मधल्या वारी जा. मी गेलो तेव्हा एक आजी सुनेला घेऊन आल्या होत्या. दगडावरचं वाळलेलं शेवाळ त्यांनी नखाने खरवडलं, हळद-कुंकू वाहिलं आणि भेगाळलेल्या गाळाकडे हात करून सुनेला सांगायला लागल्या, "हितं आमचं खळं, त्याच्या अंगाला विहीर." मला तिथे चिखलाशिवाय काहीच दिसत नव्हतं. आपण ज्याला लेक व्ह्यू म्हणून पैसे मोजतो ते कुणाचं तरी खळं आहे, आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी आजही संपलेल्या नाहीत. म्हणून ९ ऑगस्टला गाडीत गाणी मोठ्याने लावून गावातून जाऊ नका. २०११ साली त्याच दिवशी, पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधातल्या आंदोलनावर बऊरजवळ, एक्स्प्रेस वेवर पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी गेले. मावळात तो दिवस पाळतात.

पावसाळ्यात सण शोधू नका. जुलैमध्ये आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू असते, माणसं दिवसभर गुडघाभर चिखलात. लावतात बहुतेक इंद्रायणी, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला भात. एकदा हौसेने मीही रोपं लावली. माझी ओळ दुसऱ्या दिवशी एका मावशींनी उपटून पुन्हा लावली, एवढंच सांगतो.

बैलपोळा श्रावणात समजून याल तर फसाल. आमच्याकडे तो भाद्रपद अमावास्येला, लावणीची धांदल उरकल्यावर. आणि वसुबारसेला तुम्ही घरी गाय-वासराची पूजा करता, त्याच दिवशी महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांवर वाघबारस असते. गुराख्यांचा सण, वाघोबाला खिरीचा नैवेद्य. तिथे मात्र कुणाची ओळख असल्याशिवाय कॅमेरा घेऊन जाऊ नये.

आता वर्गणी. घरटी जेवढी ठरली असेल तेवढीच द्या. आमच्याकडे एका बंगलेवाल्याने पहिल्याच वर्षी अकरा हजार दिले आणि फ्लेक्सवर फोटो मागितला. फोटो लागला, पण पुढच्या वर्षी साध्या वर्गणीला त्याच्याकडे कुणी गेलंच नाही. जास्त द्यायचं असेल तर महाप्रसादाचा तांदूळ किंवा गूळ द्या, आणि वाढपाला उभे राहा. पुण्यातल्या माणसाला बादली घेऊन पंगतीत वाकता येतं हे बघायला लोकांना आवडतं.

यात्रेची यंदाची तारीख मोबाइलवर शोधू नका, पुजाऱ्याला विचारा. आणि त्या दिवशी गाडी वाडीत आत घालू नका, रस्त्यालाच लावा. छबिना निघाला की पहाटेपर्यंत ती बाहेर निघत नाही. मला एकदा सोमवारी सकाळची मीटिंग गाडीत बसूनच करावी लागली होती, मागे ढोल-लेझीम चालू असताना.